घरात पाहुणा, गावात मालक

"मला या गावात उशी ठेवायला जागा नाही," भाऊ म्हणतो. "आईच्या घरात तू आहेस. बायकोचं घर तिच्या आईनं दिलेलं. पोरवयात गावच्या मनासात झोपायचो. आता या वयात तिथं पथारी टाकली तर लोक विचारतील, बायकोनं बाहेर काढलं काय?"

"उशी नकोय तुम्हाला, आबांग," म्हणजे दादा, बहीण म्हणते. "फॉर्मवर नाव हवंय."

हे भाऊ-बहीण या लेखापुरते कल्पिलेले आहेत, पण त्यांचं भांडण आचेमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आचे म्हणजे सुमात्रा बेटाचं उत्तरेकडचं टोक. त्यातला पिदी जिल्हा दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, भातशेती आणि गाव सोडून जाणारे पुरुष. भाऊ क्वालालंपूरला किराणा दुकान चालवतो. तिथल्या चौ किट भागात आचेच्या माणसांची अशी दुकानं बरीच आहेत. रमझान संपता संपता तो गावी आलाय. आल्या आल्या त्यानं बाजारातून मांस घेतलं आणि सासूच्या घरी पोचवलं. रमझानच्या आणि दोन्ही ईदांच्या तोंडावर येणारा मांसाचा दिवस म्हणजे 'मगांग'. त्या दिवशी जावई रिकाम्या हातानं आला तर त्याची कथा पुढच्या मगांगपर्यंत गावात पुरते. ते काम उरकून तो बहिणीकडे आला आणि पुढच्या ओसरीवर बसला. मागची ओसरी बायकांची. ज्या घरात जन्मला तिथंही आता तो पुढच्या ओसरीपुरताच.

फॉर्मचं प्रकरण असं. गावोगावच्या सगळ्या जमिनी एका दमात मोजून मालकांना प्रमाणपत्रं द्यायची मोहीम इंडोनेशियाच्या सरकारनं २०१७ पासून जोरात चालवली आहे. या गावाची पाळी आता आली. आईनं म्हातारपणासाठी स्वतःकडे राखलेलं एक भाताचं शेत अजून कुणाच्याच नावावर नाही, आणि आई आता नाही.

पिदीतली रीत समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं कळायचं नाही. इथं लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. पहिली काही वर्षं जोडप्याचं खाणंपिणं मुलीचे आईबाप बघतात. मग, बहुधा एखादं मूल झाल्यावर, त्यांची चूल वेगळी करून देतात आणि त्या वेळी मुलीला घर देतात, ऐपत असेल तर शेताचा तुकडाही. या देण्याला 'पनुलांग' म्हणतात. चार मुली असतील तर एकाच आवारात घरं वाढत जातात आणि प्रसंगी आईबापच लहान घरात सरकतात. मराठी वाचकाला घरजावई आठवेल. पण घरजावयाला हिणवायला आजूबाजूला वेगळे जावई असावे लागतात. पिदीच्या गावात सगळेच घरजावई. सासुरवास असलाच तर तो पुरुषाच्या वाट्याला.

मुलग्याला काय? तो वयात आला की आईच्या घरात झोपत नसे. गावाची 'मनासा', म्हणजे नमाजाची, बैठकीची आणि पोरांच्या रात्रीच्या मुक्कामाची जागा, हेच त्याचं घर. अलीकडे मनासात पोरं कमी आणि फुकट वायफाय देणाऱ्या कॉफीच्या दुकानात जास्त असतात. २०१९ साली आचेच्या उलेमा मंडळानं पब्जी हा मोबाइल खेळ हराम ठरवला, त्यावरून रात्री पोरं काय करतात याचा अंदाज येतो.

"आचेला मक्केची ओसरी म्हणतात," भाऊ सुरू होतो. "शरियत इथं कायदा आहे. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. पण वाटणीची वेळ येईपर्यंत तुम्ही बायकांनी ओसरीच्या आतलं सगळं आधीच उचललेलं असतं. वडील गेले तेव्हा काय उरलं होतं? नारळाची बारा झाडं. त्यातली आठ माझी. वा!"

"वडिलांनी हयातीत दिलं ती भेट. भेटीला वाटे नसतात. इमामांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"इमामही बायकोच्याच घरात राहतो."

चांगला टोला आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. वारसाहक्काचं कुराणातलं गणित माणूस मेल्यावर लागू होतं. पनुलांग तो जिवंत असतानाच देऊन झालेलं असतं. म्हणून शरियतशी उघड भांडण न करता गावानं आपली रीत टिकवली. डच सरकारचा सल्लागार असलेला स्नूक हुरखोन्ये १८९१-९२ मध्ये आचेमध्ये राहिला होता. पुढं छापलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यानंही घर बायकोचं आणि नवरा तिच्या घरी हे नोंदवून ठेवलंय. डच त्या वेळी आचेशी लढत होते. युद्ध १८७३ साली सुरू झालं होतं आणि संपायचं नाव घेत नव्हतं. सुलतानाची गादी गेली, सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या, पण लेकीला घर देण्याला कुणी हात लावला नाही.

महाराष्ट्रात हाच तंटा उलट्या दिशेनं चालतो. कायद्यानं बहिणीला बरोबरीचा हिस्सा दिला आणि गावानं तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. पिदीत कायदा भावाच्या बाजूचा आणि रीत बहिणीच्या.

"घर दिलं, शेत दिलं, त्याचं कारण तरी आठवतं का?" बहीण विचारते. "तुम्ही इथं कधी होता? आजोबा मिरीच्या मळ्यात गेले. वडील मेदानला कापड विकायला गेले. तुम्ही मलायाला. जो जाणारच आहे त्याला घर देऊन ते बंद ठेवायचं का?"

"जातो म्हणून घर मिळत नाही, की घर मिळत नाही म्हणून जातो?"

भावाचा हा प्रश्न जेम्स सीगल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञालाही पडला होता. तो १९६० च्या दशकात पिदीत राहिला आणि १९६९ मध्ये त्याचं 'द रोप ऑफ गॉड' हे पुस्तक आलं. त्यानं पाहिलेले पुरुष वर्षातला बराच काळ बाहेरगावी व्यापार करत आणि रमझानला घरी येत. आल्यावर पहिले काही दिवस बायका त्यांना गोडधोड करून घालत. खिसा हलका होत जाई तसा पाहुणचारही हलका होई, आणि नवरा पुन्हा कधी निघतोय याची वाट बघितली जाई. नवऱ्यापाशी घरात देण्यासारखी एकच गोष्ट होती, पैसा. आणि तो गावाबाहेरच मिळत होता.

ही वाट मिरीनं पाडली. १८२० च्या सुमारास जगातली निम्म्याहून जास्त मिरी आचेच्या किनाऱ्यांवरून जात होती. मळे होते दूर, पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यावर. मजूर होते पिदीसारख्या दाट वस्तीच्या भातखोऱ्यातले पुरुष. जंगल तोडायचं, वेल लावायचे, फळ धरायची वाट बघायची. अशा कामाला बायकापोरं घेऊन कोण जातं? शेत आणि घर बायकांकडे राहिलं. पुढं मिरीचा धंदा बसला, पण जायची सवय राहिली. पुरुष कापड, किराणा, औषधं विकू लागले. आज जकार्तापासून क्वालालंपूरपर्यंत आचेच्या नूडल्सची गाडी कुठं ना कुठं दिसते, तीही याच वाटेवरची. भावाच्या प्रश्नाला एका बाजूचं उत्तर देणं अवघड आहे. पण एक नक्की: पुरुष असा बिनघोर जाऊ शकतो, कारण मागं राहिलेलं घर त्याच्या भरवशावर उभं नसतं. दुकान बुडालं तरी पोरं भात खातात.

भाऊ आता मुद्द्यावर येतो. "पनुलांगचं सोड. ते तुझं. पण आईच्या शेतात माझे दोन वाटे आहेत की नाहीत?"

"ते शेत तुम्ही खाल्लंय."

"काय?"

"तुमचं लग्न. पंधरा मायाम."

मायाम हे आचेचं सोन्याचं माप, ३.३३ ग्रॅमच्या आसपास. पंधरा मायाम म्हणजे पन्नास ग्रॅम. लग्नात नवरा हे सोनं मेहर म्हणून वधूला देतो. मुलीचा भाव वाढवून मागतात अशी तक्रार आचेची तरुण पोरं जाहीरपणे करतात, आणि सोनं महागलं की लग्नं लांबतात. भावाचं लग्न ठरलं तेव्हा घरात सोनं नव्हतं. आईनं शेत 'गाला' ठेवलं. गाला म्हणजे गहाण, पण आपल्या ओळखीचं व्याजाचं गहाण नव्हे: सोनं देणारा शेत कसतो, पीक घेतो आणि जितकं सोनं दिलं तितकं परत मिळेपर्यंत शेत सोडत नाही. मुदत नसते. दहा वर्षं, वीस वर्षं, एक पिढी. या पिकालाच व्याज म्हणावं की काय यावर उलेमांमध्ये वाद आहेत, आणि तरी गाला चालूच आहे, कारण बँक शेतावर कर्ज देताना प्रमाणपत्र मागते आणि शेजारी मागत नाही.

"नऊ वर्षं शेत दुसऱ्याकडे होतं," बहीण सांगते. "मी सोडवलं. मायाम मायाम करून. कशानं? मुलिएंग कुटून."

मुलिएंग म्हणजे मलिंजोच्या झाडाच्या बिया. तव्यावर भाजायच्या, गरम असतानाच टरफल काढायचं, दगडावर ठेवून ठोकून चपटं करायचं. वाळवले की त्याचे कुरकुरीत पापड तळता येतात. पिदीचे हे पापड सगळ्या इंडोनेशियात जातात, बरनुनच्या बाजारात त्यांचे ढीग लागलेले असतात, आणि ते कुटणारे हात जवळपास सगळे बायकांचे.

भावाकडे याला उत्तर आहे, आणि ते उत्तर ऐकून कुणीही जरा सरसावून बसेल. "१९६० चा कायदा आहे. छप्पन्न नंबरचा. कलम सात. शेतजमीन सात वर्षं गहाण राहिली की पीक निघाल्यावर एक पैसा न घेता मालकाला परत करायची. नऊ वर्षं झाली होती. तू सोनं दिलंस ते द्यायची गरजच नव्हती."

"आणि मग?"

"मग काय? शेत फुकट सुटलं असतं."

"आबांग, ज्याच्याकडे शेत होतं तो दर शुक्रवारी मशिदीत आपल्या घरच्या मुलाशेजारी उभा राहतो. आईची मयत त्यानं खांद्यावर घेतली. तुम्ही कायद्याचं कलम दाखवून विमानात बसला असता. त्याच्यासमोरून पाणी मी वळवते."

कायदा भाऊ म्हणतो तसाच आहे. कलम, वर्षं, सगळं बरोबर. गावात मात्र तो पाळणारा माणूस शोधावा लागेल. सात वर्षांत पिकातून सावकाराची रक्कम वसूल होते, हा कायद्याचा हिशेब चुकीचा नाही. पण शेतीचं पाणी एकाच पाटानं येतं, त्यावर 'कज्रुन ब्लांग' नावाचा पाण्याचा कारभारी असतो, नांगरणीआधी गावजेवण एकत्र होतं. अशा जागी हिशेबात जिंकलेला माणूस पुढच्या पेरणीला एकटा पडतो. इथं बहिणीचं पारडं जड आहे असं म्हटल्याशिवाय राहवत नाही. अर्थात सोनं तिनं दिलं म्हणून शेत तिचं झालं का, हा प्रश्न तसाच उरतो. सोडवलेलं गहाण वारसांचंच राहतं.

मग विषय निघतो जाण्याचा, आणि बोलणं अवघड होतं. भाऊ धंद्यासाठी गेलेला नव्हता.

१९७६ मध्ये हसन दी तिरो यांनी पिदीतच स्वतंत्र आचेची चळवळ सुरू केली. १९८९ ते १९९८ पिदी, उत्तर आचे आणि पूर्व आचे लष्कराच्या टाचेखाली होते. मे २००३ मध्ये मार्शल लॉ आला आणि आचेच्या प्रत्येक माणसाला लाल-पांढऱ्या रंगाचं वेगळं ओळखपत्र घ्यावं लागलं. बांदा आचे ते मेदान हा सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता. रात्रीच्या बस थांबवून पुरुषांना खाली उतरवलं जाई. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष ज्या वाटेनं पोट भरत आले ती वाट पुरुषांसाठीच धोक्याची झाली. बाजारात बायका जाऊ लागल्या. बरेच तरुण सामुद्रधुनी ओलांडून मलेशियाला पळाले. २००५ मध्ये मलेशियानं आचेच्या लोकांना तात्पुरता राहण्याचा परवाना दिला, तेव्हा कुठं त्यांना उजेडात फिरता आलं.

"तुम्ही पळालात ते बरं केलंत," बहीण म्हणते. "पण इथं दारावर लाथ बसायची तेव्हा दार कुणाचं होतं?"

पिदीत ती दारं साधी नव्हती. ग्लुम्पांग तिगा भागातलं 'रुमोह गदोंग' हे एका सरदार घराण्याचं लाकडी घर लष्करानं ठाणं म्हणून वापरलं आणि तिथं माणसांचे हाल केले. १९९८ मध्ये लष्करी अंमल उठला तसं लोकांनी ते जाळून टाकलं. जून २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो त्या जागेवर आले आणि पीडितांना भरपाई देण्याचा कार्यक्रम तिथून जाहीर केला. घराचे उरलेसुरले अवशेष त्याआधीच पाडले गेले होते, त्यावरून पिदीत बरीच नाराजी झाली.

भाऊ यावर गप्प राहतो, मग वर बघतो. डोक्यावर जुनं लाकूड आहे. आचेचं पारंपरिक घर खांबांवर उभं असतं, माणूस खालून चालत जाईल इतकं उंच. पुढची ओसरी, मधली उंच खोली, मागची ओसरी. खिळे नाहीत, सांधे पाचरींनी ठोकलेले. मधल्या खोलीतल्या काही फळ्या सुट्या ठेवतात, घरात मयत झाली तर त्या उचलून तिथंच अंघोळ घालता यावी म्हणून. पाचरी काढल्या की अख्खं घर सुटं होतं आणि दुसरीकडे उभं राहतं. असं एक घर १९१४ मध्ये डचांनी जावातल्या सेमारांगच्या प्रदर्शनात नेऊन मांडलं, परत आणलं, आणि जुलै १९१५ मध्ये त्यात संग्रहालय उघडलं; बांदा आचेत ते आजही उभं आहे.

"हे घर उचलून न्यायचं म्हटलं तर नेता येईल," भाऊ अर्धवट हसतो.

"न्या. पण जागेचं प्रमाणपत्र माझं आहे."

खरं म्हणजे प्रमाणपत्र हीच या गावांत नवी गोष्ट. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं आचेमध्ये दीड लाखाहून जास्त माणसं नेली. किनाऱ्यावरच्या गावांत बांध, झाडं, कागद, साक्षीदार सगळंच वाहून गेलं. परदेशी मदतीवर जमिनी मोजायचा मोठा प्रकल्प सुरू झाला. वाचलेल्या लोकांनी एकत्र बसून हद्दी ठरवायच्या आणि मग सरकारी मोजणीदारानं शिक्का मारायचा, अशी पद्धत होती, चांगली होती. फॉर्मवर मात्र सहसा एकच नाव पडे, घरच्या कर्त्याचं, आणि कर्ता कोण हे इंडोनेशियाच्या विवाह कायद्यानं १९७४ लाच लिहून ठेवलंय: नवरा. जे घर शंभर वर्षं न लिहिता बायकोचं होतं ते लिहिल्यावर नवऱ्याचं होऊ शकत होतं. स्त्री-संघटनांनी यावर आवाज उठवला, आणि दोघांची नावं घालण्याचा आग्रह पुढं धरला गेला.

बहिणीनं म्हणूनच नवरा मनासात असताना फॉर्म भरला होता. हे ती भावाला सांगत नाही.

"तुला सगळं मिळालं," भाऊ म्हणतो, "आणि वर तक्रार."

"सगळं? गावाची सभा मनासात. कचिक पुरुष." कचिक म्हणजे गावाचा मुखिया. "वडीलधाऱ्यांच्या 'तुहा पएत'मध्ये पुरुष. पाण्याचा कारभारी पुरुष. २०१३ मध्ये ल्होकसमावेच्या महापौरानं फतवा काढला, बाईनं मोटारसायकलवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं नाही. शेत माझं, गाडी माझी, मी त्यावर कशी बसायची ते नगरपालिकेत ठरतं. आणि तुम्ही? वर्षातून पंधरा दिवस येता आणि सभेत पुढच्या रांगेत बसता. घरात पाहुणे असाल, गावात मालक आहात."

वादाची खरी गाठ इथं आहे. २००८ च्या आचेच्या कायद्यानं अठरा प्रकारचे तंटे आधी गावातच मिटवायचे असं ठरवलं. घरातली भांडणं त्यात आहेत, वारसा आहे, नवरा-बायकोनं मिळून कमावलेली मालमत्ता आहे. म्हणजे जिची जमीन तिच्या जमिनीचा निवाडा बहुतेक वेळा ज्यांची जमीन नाही ते करतात. बहिणीच्या मालकीचं कौतुक करणाऱ्या बाहेरच्या अभ्यासकांनी हे कमी लिहिलंय असं वाटतं. ओसरीवर बसून घर दिसतं, मनासातली सभा दिसत नाही.

भाऊ हे नाकारत नाही. तो फक्त एवढंच विचारतो, "आणि तुझ्या नंतर? तुझी लेक बांदा आचेला शिकते. ती येणार आहे का चिखलात?"

"ती म्हणते, शेत नको, फी द्या."

"मग?"

"मग शेत 'मावैह'वर द्यायचं. कसणाऱ्याला त्याचा वाटा, आपल्याला आपला. लेक जकार्ताला गेली तरी पोतं येईल." ती थांबते. "ती जाईल, हे मला माहीत आहे. आता मुलीही जातात."

जायची वाटही बदलली आहे. पिदीतल्या सिगलीपासून बांदा आचेपर्यंतच्या सुमारे ७४ किलोमीटरच्या टोल रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. सलावाह डोंगराच्या वळणांवरून एल-३०० मिनीबसमध्ये दाटीवाटीनं बसून, वाटेत सारे या गावी रताळ्याचे काप खात जायचा प्रवास त्यानं लहान होतो. रस्त्यासाठी जमिनी गेल्या, मोबदला कागद असलेल्यांना मिळाला, आणि त्या दिवसापासून आजूबाजूच्या गावांत ज्याच्या त्याच्या तोंडी प्रमाणपत्र आहे. भावाला आईच्या शेताची आठवण आत्ताच का झाली, याचं उत्तर बहुधा या रस्त्यात असावं. तो ते मान्य करणार नाही.

"ठीक," अखेर तो म्हणतो. "दोघांची नावं घाल. माझे दोन वाटे, तुझा एक. तुझ्या पंधरा मायामांपैकी माझ्या वाट्याचं सोनं मी देईन."

"दहा मायाम. आजच्या भावानं."

"आजच्या भावानं."

"मोजणीवाले ईदनंतर तिसऱ्या आठवड्यात येणार. बांधावर सगळे वारस हजर लागतात. तुम्ही असाल का?"

"दुकान कोण बघणार? मुखत्यारपत्र करून देतो."

"कुणाच्या नावानं?"

"बायकोच्या," भाऊ म्हणतो. "इथं दुसरं असतं कोण?"

"मग तिला उद्या पाठवा. कचिक दुपारच्या नमाजानंतरच शिक्के मारतो."